पुष्पक, सेसना आणि एक ‘नाही’

विमानातून सहकुटुंब प्रवास ही कल्पना आपल्या साहित्याला नवी नाही. लंकेहून अयोध्येला परतणारे पुष्पक विमान हे तिचे आद्य उदाहरण म्हणता येईल. पती, पत्नी, धाकटा भाऊ आणि स्नेहीमंडळी असा तो सगळा गोतावळा. वाल्मीकींच्या युद्धकांडात किष्किंधा आली तेव्हा सीतेने इच्छा व्यक्त केली, की तारा आणि इतर वानरस्त्रियांनाही बरोबर घ्यावे. रामाने विमान थांबवले, त्या स्त्रिया आल्या, विमान पुन्हा निघाले. कालिदासाने ‘रघुवंशा’चा तेरावा सर्ग जवळजवळ संपूर्णपणे याच प्रवासाला दिला. राम सीतेला खालचा समुद्र दाखवतो, पंचवटी दाखवतो, गोदावरी दाखवतो, गंगायमुनांचा संगम दाखवतो. आणि मध्येच सांगतो, की आपल्या मनाला वाटेल तसे हे विमान कधी देवांच्या मार्गाने जाते, कधी मेघांच्या, तर कधी पक्ष्यांच्या. पुष्पकात कितीही माणसे बसली तरी एक जागा रिकामी उरते, अशी लोकश्रद्धा आपण सर्वांनी आजीकडून ऐकलेली आहे.

वर्गात हा सर्ग समजावून देताना त्यातील भूदृश्यांविषयी आम्ही बरेच बोललो असू. मात्र पुष्पकाच्या एका वैशिष्ट्याकडे आमचे कधी लक्ष गेले नव्हते. पुष्पकाला ‘नाही’ म्हणता येत नाही. त्याला भार नाही, इंधन नाही, धुके नाही. बसलेल्यांची इच्छा हीच त्याची गती. गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेतल्या एका बेटावर आम्हाला हे उमगले, आणि तेही आमची चूक झाल्यानंतर. ती चूक केवळ आमच्यापुरती नाही, तिची मुळे आपल्या भाषेत आणि कुटुंबरीतीत आहेत, असे वाटल्यामुळे हा लेख.

आम्ही दोघे पती-पत्नी एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकाचा धाकटा भाऊ मिशिगन राज्यात ॲन आर्बर येथे राहतो. नोकरी सांभाळून त्याने वैमानिकाचा खाजगी परवाना मिळवला आहे. अमेरिकेत या परवान्यासाठी किमान चाळीस तासांचे उड्डाण पुरते, प्रत्यक्षात बहुतेकांना त्याहून बरेच अधिक लागते. परवानाधारकाला प्रवाशांकडून भाडे घेता येत नाही. फार तर खर्चाची समान वाटणी करता येते. शिवाय मागील नव्वद दिवसांत तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे केली नसतील, तर त्याला कोणालाही बरोबर नेता येत नाही. त्या देशात सार्वजनिक वापराचे विमानतळच पाच हजारांच्या आसपास आहेत. त्यांपैकी बहुसंख्य ठिकाणी नियंत्रण मनोराही नसतो. येणारे-जाणारे वैमानिक एका ठरलेल्या रेडिओ-लहरीवर आपापली जागा सांगतात आणि एकमेकांना वाट देतात.

खाजगी विमान म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर उद्योगपती उभा राहतो. दिराचे विमान तसले नव्हते. चार आसनांचे, एका पंख्याचे, १६० अश्वशक्तीचे जुने सेसना १७२. हे प्रारूप १९५६ पासून बाजारात आहे आणि आजवर त्याची चव्वेचाळीस हजारांहून अधिक विमाने बनली. जगात इतर कोणत्याही विमानाची एवढी संख्या नाही. हे विमान त्याने आणि आणखी चौघांनी भागीत घेतलेले. आतल्या खुर्च्यांचे कापड उसवलेले, दरवाजा जुन्या फियाटसारखा ओढून लावावा लागणारा. तरीही ही चैनच आहे, हे आम्ही नाकारत नाही.

शनिवारी सकाळी निघायचे, मॅकिनॉ बेटावर एक रात्र राहायचे, रविवारी दुपारी परतायचे, असा बेत होता. जाऊबाईंची रुग्णालयात पाळी होती. म्हणून दीर, त्यांची आठ वर्षांची मुलगी आणि आम्ही दोघे. शुक्रवारी रात्री दिराने न्हाणीघरातला वजनकाटा दिवाणखान्यात आणून ठेवला आणि एकेकाला त्यावर उभे केले. आमच्यापैकी एकाने त्याआधी तोंडी सांगितलेले वजन काट्यावरच्या वजनापेक्षा चार किलोंनी कमी निघाले. दीर हसला नाही. त्याने खरा आकडा लिहून घेतला, माणसे, सामान आणि इंधन यांची बेरीज केली, कोण पुढे बसेल आणि कोण मागे हे ठरवले. भार मर्यादेत असूनही त्याचा तोल फार मागे गेला तर विमान हाताळणे धोक्याचे होते, असे त्याने समजावले. मग त्याने आमच्या पिशवीतली लोणच्याची बरणी आणि बेसनाच्या लाडवांचा मोठा डबा बाहेर काढून ओट्यावर ठेवला. सीतेने किष्किंधेला विमान थांबवून डझनावारी माणसे वाढवली होती. इथे लाडवांचा डबादेखील वर्ज्य होता!

जातानाचा प्रवास सुंदर झाला. सुमारे चारशे किलोमीटरचे अंतर दोन तासांत कापले. उंची एवढीच, की शेताच्या बांधावरून चाललेला ट्रॅक्टर दिसावा आणि तळ्यावरच्या होडीची सावलीही दिसावी. ह्यूरन आणि मिशिगन ही दोन महासरोवरे जिथे मिळतात ती सामुद्रधुनी ओलांडण्यापूर्वी दिराने विमान आणखी वर नेले. कारण विचारले तेव्हा म्हणाला, “इंजिन बंद पडलं तर तरंगत किनाऱ्यापर्यंत जाता यायला हवं.” हे त्याने इतक्या सहज सांगितले, की भीती वाटायला आम्हाला थोडा वेळ लागला. बेटावर १८९८ पासून मोटारींना बंदी आहे. साध्याशा धावपट्टीवर उतरून आम्ही घोडागाडीतून गावात गेलो. आकाशातून थेट टांग्यात बसण्याची गंमत पुतणीपेक्षा आम्हालाच अधिक वाटली.

रविवारी सकाळी खिडकीबाहेर काही दिसत नव्हते. वसंतात तिथल्या सरोवरांचे पाणी फार थंड असते. त्यावरून उबदार, दमट हवा वाहू लागली की धुके धरते. अकरानंतर बेटावर ऊन पडले. आम्ही पिशव्या भरल्या. सोमवारी संध्याकाळी आमचे मुंबईचे विमान होते आणि गुरुवारपासून उत्तरपत्रिका तपासणीला हजर राहायचे होते. दीर मात्र टॅबलेटवरचे हवामानाचे नकाशे पुन्हा पुन्हा पाहत होता. दक्षिणेकडे शंभर किलोमीटरवर ढगांचा तळ जमिनीपासून दोनशे मीटरांवर आला होता. ढगांतून केवळ उपकरणांच्या आधारे विमान नेण्याची वेगळी पात्रता लागते. ती त्याने अद्याप मिळवलेली नव्हती. त्याला जमीन आणि क्षितिज दिसलेच पाहिजे.

तो म्हणाला, “आज जायचं नाही.”

पुढचा अर्धा तास आम्ही जे केले, त्याला मराठीत आग्रह असा सोज्ज्वळ शब्द आहे. प्रथम म्हणालो, “अरे, इथे तर लख्ख ऊन आहे.” मग म्हणालो, “निघून तर बघू, वाटेत वाईट वाटलं तर परत येऊ.” त्यावर त्याने शांतपणे सांगितले, “दादा, निघाल्यावर परत फिरणं इथे बसून नाही म्हणण्यापेक्षा फार अवघड असतं. घर तासाभरावर आलेलं असतं, आणि मागे तुम्ही बसलेले असता.” तेवढ्यात दुसरे एक छोटे विमान आमच्यादेखत धावपट्टीवरून उडाले आणि दक्षिणेकडेच वळले. “तो गेला की!” आम्ही म्हणालो. “त्याच्याकडे ढगांतली पात्रता असेल वहिनी, माझ्याकडे नाही.” आणि मग आमच्यापैकी एकाच्या तोंडून ते वाक्य गेले: “एवढी भीती वाटते, तर विमान घेतलंस कशाला?”

आठ वर्षांची मुलगी बापाच्या तोंडाकडे पाहत होती. तो काही बोलला नाही. बाहेर जाऊन त्याने विमानाच्या दोन्ही पंखांच्या आणि शेपटीच्या दोरांच्या गाठी पुन्हा आवळल्या आणि पत्नीला फोन केला. आम्ही बोटीने मुख्य भूमीवर आलो. जाऊबाई आपली पाळी संपवून साडेचार तास गाडी चालवत तिथे आल्या आणि तेवढाच वेळ चालवत आम्हाला घरी नेले. पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटून गेली. मुंबईचे विमान आम्हाला वेळेवर मिळाले. सेसना बेटावरच राहिले. पुढच्या शनिवारी दीर आणि त्याचा एक भागीदार जाऊन ते घेऊन आले.

इथे प्रसंग संपतो. त्या दुपारी निघालो असतो तर काय झाले असते, हे कोणालाही सांगता येणार नाही. कदाचित सुखरूप पोहोचलो असतो. न केलेल्या उड्डाणाला पुरावा नसतो, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याची खरी अडचण हीच आहे. संकटातून विमान वाचवणाऱ्याची कथा होते. संकटाच्या वाटेलाच न गेलेल्याची होत नाही. त्याच्या वाट्याला बोटीचे तिकीट, रात्रभराचा मोटारप्रवास आणि नातेवाइकांचा फुगा येतो.

विज्ञानाने मात्र या ‘नाही’ची बाजू पूर्वीच मांडलेली आहे. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या वीस जणांना, सोबत प्रशिक्षक देऊन, ढगात शिरल्यासारख्या कृत्रिम स्थितीत विमान चालवायला दिले. विसांपैकी प्रत्येकाचा ताबा सुटला. सरासरी वेळ भरली १७८ सेकंद, म्हणजे पुरती तीन मिनिटेही नाहीत. क्षितिज दिसेनासे झाले की आपल्या कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय खोटी साक्ष देऊ लागते. विमान एका बाजूला कलत वळत असते आणि शरीर म्हणत असते, की सगळे सरळ चालले आहे. या प्रयोगाचा हेतू लक्षात घेण्याजोगा आहे. ढगांतून पुढे कसे जावे हे शिकवण्यासाठी तो योजलेला नव्हता. ढगात सापडलेल्याने १८० अंशांत वळून, आला त्या वाटेने बाहेर कसे पडावे, एवढेच त्याला शिकवायचे होते. आणि थोड्या शिक्षणानंतर तेच शिकाऊ हे वळण नीट घेऊ शकले.

१६ जुलै १९९९ ची घटना अनेकांना आठवत असेल. माजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव जॉन केनेडी (कनिष्ठ) शुक्रवारी सूर्यास्तानंतर न्यू जर्सीतून आपले पायपर साराटोगा विमान घेऊन निघाले. बरोबर पत्नी कॅरोलिन आणि मेहुणी लॉरेन. मेहुणीला मार्थाज व्हिनयार्ड बेटावर सोडून चुलत बहिणीच्या लग्नाला जायचे होते. शनिवार-रविवारची कौटुंबिक सहल ती हीच. उपकरणांवर उडण्याची पात्रता त्यांनीही मिळवलेली नव्हती. रात्र, पाण्यावरचा धूसरपणा, न दिसणारे क्षितिज. विमान समुद्रात कोसळले आणि तिघेही गेले. वैमानिकाचा दिशाभ्रम होऊन विमानावरील ताबा सुटला, असा निष्कर्ष चौकशी मंडळाने २००० साली दिला. त्या संध्याकाळी तिघांत काय बोलणे झाले ते कोणाला ठाऊक नाही, आणि त्यावर तर्क करणे सभ्यपणाचे नाही. आम्हाला एवढेच म्हणायचे आहे, की ठरलेले लग्न, वाट पाहणारी माणसे आणि शेजारी बसलेले आप्त हा भार कोणत्याही वजनकाट्यावर दिसत नाही. तरीही तो विमानात असतोच.

उड्डाणाच्या साहित्याने या भाराची दखल फारशी घेतलेली नाही. सेंत-एक्झुपेरीची ‘व्हॉल द न्वी’ (१९३१) ही कादंबरी घ्या. टपाल घेऊन येणारा फाबियें वादळात सापडतो; त्याची पत्नी जमिनीवर, घरात वाट पाहत असते, फोन करते, शेवटी कचेरीत येऊन उभी राहते. कादंबरीने प्रश्न उभा केला आहे तो कर्तव्य की घर असा. घर विमानाच्या बाहेर आहे, म्हणूनच तो प्रश्न तसा मांडता येतो. वैमानिक एकटा, आकाश अफाट, आणि पुढे जाण्यातच माणसाची उंची. त्या गद्याचे आम्ही चाहते आहोत. पण मागच्या आसनावर मुलगी बसलेली असताना ते गद्य कामाला येत नाही, असे आता वाटते. लेखक स्वतः ३१ जुलै १९४४ रोजी कॉर्सिकाहून टेहळणीसाठी एकटाच उडाला आणि परतला नाही.

अपवाद म्हणून ॲन मॉरो लिंडबर्ग यांचे नाव घ्यावे लागेल. त्या पतीच्या विमानात रेडिओचालक होत्या. त्यांच्या ‘लिसन! द विंड’ (१९३८) या पुस्तकात १९३३ च्या प्रवासातील मोजके दिवस आहेत, आणि त्यातला मोठा भाग उड्डाण न होण्याचा आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गांबियात त्यांचे पाण्यावरून उडणारे विमान वाऱ्याअभावी उठत नाही. दोघे वाऱ्याची वाट पाहतात, सामान काढून भार कमी करतात, पुन्हा वाट पाहतात. जगप्रसिद्ध वैमानिकाच्या पत्नीने असे पुस्तक लिहावे यात आम्हाला योगायोग दिसत नाही. थांबणे कसे असते हे शेजारच्या आसनावरून अधिक स्पष्ट दिसत असावे.

आता पुन्हा आमच्या आग्रहाकडे. मराठीत नकाराचे दोन शब्द आहेत: ‘नको’ आणि ‘नाही’. ‘नको’ हा इच्छेचा नकार. जेवणाच्या पानावर पाहुणा ‘नको’ म्हणतो तेव्हा त्याला आणखी एक पोळी वाढायची असते, हे दोघांनाही ठाऊक असते. ‘नको’वर आग्रह चालतो, किंबहुना तो न करणे हा उद्धटपणा ठरतो. ‘नाही’ हा वस्तुस्थितीचा नकार. पीठ संपले असेल तर आग्रहाने पोळी येत नाही. दिराने त्या दिवशी ‘नाही’ म्हटले होते आणि आम्ही ‘नको’ ऐकले. भाषा शिकवण्यात वीस वर्षे घालवलेल्या दोघांना हा भेद ऐकू येऊ नये, याची आम्हाला लाज वाटते.

लाज वाटण्याचे दुसरे कारण नात्याचे आहे. विमानाच्या संदर्भातील अंतिम अधिकार आणि थेट जबाबदारी मुख्य वैमानिकाची, असे अमेरिकेचा नियम स्पष्ट सांगतो. पण आपल्या घरात दादाचा शब्द धाकट्याच्या शब्दावर जातो. धाकट्याने ठाम नकार देणे हा उर्मटपणा, म्हणून तो ‘बघू’ म्हणतो, ‘जमवतो’ म्हणतो. हा संकोच दिवाणखान्यात सुंदर दिसतो आणि विमानात जीवघेणा ठरतो. दिराने तो संकोच मोडला, आणि आम्ही त्याला भित्रा म्हणून त्याची किंमत वसूल केली, तीही त्याच्या मुलीसमोर. पुढल्या वेळी असेच नाही म्हणताना त्याला हे वाक्य आठवेल. आमचा खरा अपराध आम्ही इथे मानतो. त्या रविवारी आमच्या आग्रहाने कोणाचा जीव गेला नाही. पण पुढच्या एखाद्या रविवारसाठी आम्ही त्याच्या ‘नाही’चा भाव वाढवून ठेवला.

कोणी म्हणेल, मराठी माणसाला छोट्या विमानाशी काय कर्तव्य? विमान न मिळो, पण चालकाच्या मागे बसणे कोणाला चुकले आहे? पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात धुके दाटलेले असताना “हळूहळू जाऊ की” म्हणणारे आपणच असतो. पोहोचण्याची घाई चालकापेक्षा मागे बसलेल्यांना अधिक असते, कारण रस्ता त्यांना पाहायचा नसतो. म्हणून आमचे मत असे, की ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य चालकाकडून मागण्यापूर्वी, ते ‘नाही’ त्याला स्वस्तात म्हणता यावे याची तजवीज मागे बसलेल्यांनी करावी. प्रवास रद्द झाला तर काय करायचे हे निघण्यापूर्वीच ठरवावे. परतीच्या दुसऱ्याच दिवशी महत्त्वाचे काम ठेवू नये. आणि नकार आला की कारण विचारू नये. विचारायचेच असेल तर चार दिवसांनी, शिकण्यासाठी विचारावे.

मुंबईला निघताना विमानतळावर आम्ही दिराची क्षमा मागितली. तो “असू दे दादा” म्हणाला. त्याला ते असू द्यावेसे वाटले की नाही, हे आम्हाला कळले नाही. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला, तेव्हा मुलीला घेऊन जायची सहल वाऱ्यामुळे रद्द केल्याचे त्याने ओघात सांगितले. क्षणभर थांबला, बहुधा आमच्या प्रश्नासाठी. आम्ही म्हणालो, “बरं केलंस. मग जेवायला काय केलंत?”